मॉन्टेरेचं जंगल राखायला चला

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमा आणि मेंडोसिनो या दोन काउंटींच्या किनाऱ्यालगत, दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत समुद्रात एक जंगल उभं होतं. बुल केल्प नावाच्या शैवालाचं. हा केल्प वसंतात तळाच्या खडकावर रुजायचा, एका हंगामात दहा-वीस मीटर वाढून पाण्याच्या पृष्ठभागावर यायचा, हिवाळ्यातल्या वादळांत उन्मळून जायचा आणि पुढच्या वसंतात पुन्हा उगवायचा. 2014 नंतरच्या अवघ्या काही वर्षांत जवळपास 350 किलोमीटरच्या किनाऱ्यावरचं हे जंगल 90 टक्क्यांहून अधिक नाहीसं झालं. जमिनीवरचं एवढं रान जळालं असतं तर महिनाभर दुसरी बातमी नसती. इथे मात्र किनाऱ्याच्या हायवे वनवरून गाड्या धावत राहिल्या, कठड्याशी उभं राहून लोक सूर्यास्ताचे फोटो काढत राहिले. वरून पाहिलं तर समुद्र होता तसाच होता.

बदल आधी दिसला तो पाण्यात उतरणाऱ्यांना. अबलोनी नावाच्या शंखातल्या मोठ्या गोगलगायी काढणारे, अर्चिन नावाचे काटेरी गोल प्राणी काढून पोट भरणारे, दरवर्षी त्याच खडकांवर जाऊन मोजदाद करणारे स्वयंसेवक, यांना जे दिसलं ते उपग्रहांच्या चित्रांनी पुढे सिद्ध केलं. पाण्याखालचं जंगल ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं तेच त्याच्या बाजूने बोलतात, कारण बाकीच्यांना ते असल्याचंच ठाऊक नसतं. उत्तरेला अशी माणसं फार थोडी होती. दक्षिणेला, मॉन्टेरेच्या उपसागरात, जंगल अजून तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक आहे. तिथे पाहणारे, मोजणारे आणि बोलणारे लोक हवे आहेत. ते मागण्यासाठी हा लेख आहे, आणि मागणी आधी आपल्या मराठी माणसांकडे आहे. 2024 मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं. त्या सभागृहापासून हे पाणी गाडीने सव्वा-दीड तासावर आहे.

या किनाऱ्याचं वैभव समजायला आधी वारा समजून घ्यावा लागतो. वसंत लागला की वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं गार, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यात भर म्हणून मॉन्टेरे उपसागरातल्या मॉस लँडिंगच्या बंदराच्या तोंडापासूनच समुद्राच्या तळाशी एक दरी सुरू होते, ती पुढे साडेतीन हजार मीटरहून खोल जाते. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दगड टाकावा आणि तिथून थोड्याच अंतरावर अथांग समुद्र सुरू व्हावा, असा हा मुलूख आहे. वर आलेल्या खतावर प्लवक वाढतं, प्लवकावर छोटी मासळी, मासळीवर पक्षी, सील, सी लायन, हंपबॅक देवमासे. 1992 मध्ये अमेरिकी सरकारने इथला सुमारे 444 किलोमीटरचा किनारा आणि पंधरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला.

आपल्यापैकी अनेकांनी पहिली डाईव्ह तारकर्ली-मालवणला केलेली असते. तिथलं पाणी कोमट, सूट पातळ. मॉन्टेरेचं पाणी वर्षभर साधारण 10 ते 14 अंशांत असतं. अंगात सात मिलिमीटरचा वेटसूट नाहीतर ड्रायसूट, डोक्यावर टोपी, हातात जाड मोजे, कमरेला शिशाचं ओझं. पहिल्या मिनिटाला कपाळ बधिर होतं. सॅन कार्लोस बीचवरून ब्रेकवॉटरच्या भिंतीकडे पोहत जायला लागलं की टोकाच्या खडकांवरचा सी लायनचा कल्ला पाण्याखालीही ऐकू येतो. मग मान वर केली की केल्प दिसतो.

हा जायंट केल्प. पोषक परिस्थितीत दिवसाला दोन फुटांपर्यंत वाढणारा, जगातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतिसदृश जीवांपैकी एक. त्याच्या प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचा एक फुगा असतो, लिंबाहून थोडा लांबट. या शेकडो फुग्यांच्या जोरावर सबंध झाड तळापासून वर ताठ उभं राहतं. तळाशी बोटांएवढ्या जाड दोऱ्यांचा गुंता खडकाला आवळून धरतो. त्या गुंत्यात टॉर्च धरून पाहिलं तर ठिसूळ बाहूंचे तारामासे, किडे, नखाएवढे खेकडे, इवल्या गोगलगायी एकमेकांत दाटीवाटीने बसलेल्या असतात. वर पानांच्या सावलीत रॉकफिश हालचाल न करता तरंगत असतात. खडकावर अंगभर शैवाल चिकटवून घेतलेला खेकडा आपल्या समोर असतो आणि तो पाय हलवीपर्यंत दिसत नाही. भर गुलाबी रंगाची हॉपकिन्स रोज ही नखाएवढी समुद्री गोगलगाय दिसली की शेजारचा डायव्हर हात हलवून बोलावतो. भिंतीपासून दूर, पन्नासएक फूट खोलीवर, पांढऱ्या समुद्रपुष्पांचे उंच खांब ओळीने उभे असतात. हार्बर सील मागून येऊन पायातला फिन तोंडात धरून पाहतात. हे सगळं एका टाकीतल्या हवेत पाहता येतं, आणि परत किनाऱ्यावर येऊन दुपारच्या जेवणाला घरी जाता येतं.

आता हे जंगल कोसळतं कसं ते पाहू. यात एकच खलनायक नाही, आणि म्हणूनच उपायही एकाच ठिकाणी सापडत नाही.

2013 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचे तारामासे मरू लागले. बाहू गळून पडायचे, अंग वितळल्यासारखं होऊन खडकावर पांढरा लगदा उरायचा. वीसहून अधिक जातींना हा रोग झाला, पण सर्वांत वाईट गत झाली ती सूर्यफूल तारामाशाची. चोवीसपर्यंत बाहू, एक मीटरपर्यंत व्यास आणि तारामाशाच्या मानाने विलक्षण वेग असलेला हा शिकारी अर्चिन खाऊन राहतो. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंतच्या त्याच्या संख्येपैकी सुमारे 90 टक्के नाहीशी झाली, कॅलिफोर्नियात तर तो जवळजवळ संपला. 2020 मध्ये तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. रोगाचं कारण सापडायला पुढे बरीच वर्षं लागली. 2025 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या हाकाई संस्थेच्या आणि सहकारी विद्यापीठांच्या संशोधकांनी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू दोषी असल्याचं दाखवलं. कॉलरा ज्या कुळातल्या जिवाणूमुळे होतो त्याच कुळातला हा जिवाणू.

तारामासे मरत असतानाच, 2014 ते 2016 या काळात, ईशान्य पॅसिफिकवर उष्ण पाण्याचा एक प्रचंड पट्टा ठाण मांडून बसला. शास्त्रज्ञ त्याला 'द ब्लॉब' म्हणतात. गरम पाण्यात पोषक क्षार कमी असतात. केल्प उपाशी राहिला, खुरटला. आणि खाणारा शिकारी गेल्यामुळे जांभळे अर्चिन वाढले, उत्तर कॅलिफोर्नियात साठपटीपर्यंत. एरवी ते फटीत बसून वाहत येणारी पानं खातात. पानं येईनाशी झाली तसे ते फटींतून बाहेर पडले आणि केल्पचे बुंधे कुरतडू लागले. उत्तरेच्या त्या पट्ट्यात समुद्री पाणमांजर नाही; एकोणिसाव्या शतकातल्या शिकारीनंतर ते तिथे परतलंच नाही. अर्चिनला आवर घालणारा एक शिकारी माणसाने आधीच संपवला होता, दुसरा रोगाने संपला. जंगल गेलं. त्याच्यावर जगणारी लाल अबलोनी उपासमारीने मेली, आणि 2018 पासून तिथली हौशी अबलोनी मासेमारी बंद झाली. कशाया पोमो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जेवणात, दागिन्यांत, विधींत अबलोनीला पिढ्यान्‌पिढ्या स्थान आहे. त्यांच्या मुलांना आज ती दाखवायला नाही.

उजाड झालेला तळ एकदा तरी पाहावा, मग या लेखाची गरज राहणार नाही. खडक गुलाबी दिसतो, कारण खडकाला चिकटलेला चुनखडीसारखा शैवालाचा पातळ थर तेवढा शिल्लक असतो. त्यावर वीतभर अंतरात पाच-सहा जांभळे अर्चिन. मासा नाही, खेकडा नाही, हलणारं काही नाही. परवानगी असलेल्या ठिकाणी एक अर्चिन फोडून पाहा. निरोगी अर्चिनच्या पोटात नारिंगी रंगाच्या पाच भरगच्च पाकळ्या असतात, जपानी हॉटेलांत महागात मिळते तीच 'ऊनी'. उजाड तळावरच्या अर्चिनच्या पोटात पाणी आणि तपकिरी पापुद्रा निघतो. खायला काही नसतानाही हा प्राणी वर्षानुवर्षं तग धरतो, आणि रुजू पाहणारा प्रत्येक कोंब खाऊन टाकतो. त्यामुळे पाणी पुन्हा गार झालं तरी जंगल आपोआप परत येत नाही. लोक म्हणतात, निसर्ग आपलं आपण सावरून घेईल. या किनाऱ्यावर सोनोमाने त्याचं उत्तर दिलेलं आहे.

मॉन्टेरेत जंगलाचे तुकडे उरले ते पाणमांजरांमुळे. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नाही. थंडीपासून वाचवतात ते केस, चौरस इंचाला दहा लाखांपर्यंत. त्याच केसांसाठी ते मारले गेले. 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा कॅलिफोर्नियातलं पाणमांजर संपलंच असं लोक धरून चालले होते. 1938 मध्ये बिग सरच्या किनाऱ्याला पन्नासेक जणांचा एक कळप जगाला दिसला. आज आहेत ती सुमारे 3,000 पाणमांजरं त्या कळपाची वंशज. ऊब टिकवण्यासाठी त्यांना रोज वजनाच्या पावपट खावं लागतं, आणि अर्चिन त्यांच्या आवडीचा. पण सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. पाणमांजर उजाड तळावरच्या पोकळ अर्चिनकडे ढुंकूनही पाहत नाही. ते शिल्लक जंगलातले भरलेले अर्चिन खातं. म्हणजे आहे ते जंगल ते राखतं, गेलेलं परत आणत नाही. ते काम कोणीतरी दुसऱ्याने करायचं आहे.

इथे डायव्हरचं काम सुरू होतं. 2021 मध्ये राज्याच्या फिश अँड गेम कमिशनने मॉन्टेरेतल्या टँकर्स रीफ या ठिकाणी हौशी डायव्हरांना अर्चिन तिथल्या तिथे फोडायला परवानगी दिली. वेल्डिंग करणारे वापरतात तशी छोटी हातोडी घेऊन लोक गार पाण्यात तासन्‌तास काम करू लागले. अर्चिन विरळ केलेल्या चौकटीत केल्प पुन्हा रुजताना दिसला. उत्तरेला नोयो आणि ॲल्बियनच्या खाड्यांत रीफ चेक या संस्थेने, राज्याच्या निधीतून, ज्यांचा लाल अर्चिनचा धंदा बसला होता अशा व्यावसायिक डायव्हरांनाच जांभळे अर्चिन काढण्याच्या कामाला लावलं. हातोडीचं काम माझ्याही मनाला सोपं जात नाही. अर्चिन इथलाच रहिवासी आहे, त्याचा अपराध काही नाही. पण त्याला आवर घालणारे दोन्ही शिकारी जिथून गेले आहेत, आणि त्यातल्या एकाला आपणच घालवलं आहे, तिथे हात बांधून बसणं मला जास्त क्रूर वाटतं.

हातोडीपेक्षाही महत्त्वाचं काम मोजण्याचं आहे, आणि ते शिकलेला कोणीही सावध डायव्हर करू शकतो. रीफ चेक कॅलिफोर्नियात 2006 पासून हेच करते. तळावर 30 मीटर लांबीची टेप अंथरायची. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, एवढाच पट्टा आपला. हळू, अगदी हळू पुढे सरकत, प्रत्येक कपारीत टॉर्च मारत, ठरलेल्या जातींचे प्राणी मोजायचे आणि मनगटाला बांधलेल्या पाटीवर पेन्सिलीने रेघा मारायच्या. मीटरपेक्षा उंच जायंट केल्प दिसला की त्याची देठं एकेक करून मोजायची. दुसऱ्या फेरीत मासे. परत आल्यावर ओठ निळे पडलेले असताना किनाऱ्यावर बसून जोडीदाराशी आकडे पडताळायचे. यात थरार नाही. पण संरक्षित क्षेत्राचा उपयोग झाला की नाही, हा प्रश्न सरकारी बैठकीत निघतो तेव्हा टेबलावर येतात ते हेच आकडे. तारामासे गेल्याचं आणि अर्चिन वाढल्याचं वर्षवार चित्र अशाच नोंदींनी उभं राहिलं.

माझ्या मते पॅसिफिक किनाऱ्यावरच्या डायव्हिंग मोहिमांचं भवितव्य इथेच आहे. बोट भरून लोक न्यायचे, देवमासा दाखवायचा, फोटो काढून परत आणायचे, एवढ्यावर आता भागणार नाही. मोहिमेतला प्रत्येक जण निदान एक डाईव्ह मोजणीला देईल, असा रिवाज पडायला हवा. बोटवाल्याला फोन कराल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही कोणत्या सर्वेक्षणाला हातभार लावता? दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की अकराव्यासाठी उत्तर तयार असतं.

डायव्हरच्या पैशाने समुद्र वाचतो याचा दाखला मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या टोकाजवळ आहे. काबो पुल्मो हे मच्छीमारांचं छोटं गाव. मासळी संपत आली तेव्हा गावाने स्वतःहून जाळी आवरली, आणि 1995 मध्ये सुमारे 71 चौरस किलोमीटरचा तिथला समुद्र राष्ट्रीय उद्यान झाला. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन 460 टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. कालचे मच्छीमार आज डायव्हरांना बोटीतून नेतात. कायद्याइतकंच श्रेय तो पाळणाऱ्या गावाला आहे.

मॉन्टेरेलाही असा एक माणूस मिळाला होता, आणि तिची गोष्ट मराठी घराघरांत सांगावी अशी आहे. ज्युलिया प्लॅट. जन्म 1857 चा. प्राणिशास्त्रात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेली, भ्रूणशास्त्रात मोलाचं काम केलेली ही बाई. पण बाई म्हणून विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. ती पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेशेजारच्या गावात येऊन राहिली आणि गावाच्या कारभारात पडली. समुद्रावर जायची वाट फाटक लावून बंद करण्यात आली, तेव्हा तिने स्वतः ते फाटक फोडलं आणि वाट खुली राहील अशी पाटी आपल्या नावानिशी लावली. 1931 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती गावची महापौर झाली. त्या काळी शेजारच्या कॅनरी रोवर सार्डिन डबाबंद करणारे कारखाने धडाडत होते, माशांची आतडी आणि घाण समुद्रात जात होती.  बाईंनी राज्य सरकारकडून गावासाठी आपल्या किनाऱ्याचा कारभार पाहण्याचा हक्क मिळवला आणि किनाऱ्याचे दोन पट्टे राखीव केले, त्यातला एक स्टॅनफर्डच्या हॉपकिन्स सागरी केंद्राला लागून. कधीतरी शेजारचा उद्योग संपेल, समुद्र सावरायला लागेल, तेव्हा बियाणं कुठेतरी शिल्लक हवं, असा त्यांचा हिशेब होता.

1935 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत सार्डिन संपली, कारखाने एकेक करून बंद पडत गेले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बिग सरकडून सरकत आलेली पाणमांजरं त्या राखीव पट्ट्यापर्यंत पोहोचली. तिथे त्यांना खायला अबलोनी होती, अर्चिन होते. पाणमांजरं राहिली, अर्चिन आवरले, केल्प वाढला. 1984 मध्ये त्याच किनाऱ्यावर, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागी, मॉन्टेरे बे ॲक्वेरियम उभं राहिलं. आज आपण मुलांना तिथे नेतो, 28 फूट उंच काचेआडचा केल्प दाखवतो. त्या काचेमागच्या भिंतीपलीकडे, खऱ्या समुद्रात, प्लॅटबाईंनी राखलेला पट्टा आहे. त्यांनी स्वतः पाणमांजर तिथे कधी पाहिलं नाही.

कोकणात देवराई राखली जाते ना, कुऱ्हाड न लावता, पालापाचोळाही न उचलता, तसा इथला समुद्र राखलेला पाहायचा असेल तर कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोसला जा. 1960 मध्ये तिथला पाण्याखालचा भाग राखीव केला गेला, अमेरिकेतल्या अशा पहिल्या क्षेत्रांपैकी एक. मासा धरायचा नाही, शिंपला उचलायचा नाही, आणि डायव्हरांनाही रोज मोजक्याच जोड्यांना आधी नाव नोंदवून प्रवेश. या धर्तीवर 1999 च्या कायद्यानुसार राज्याने 124 संरक्षित क्षेत्रांची साखळी उभारली, ती 2012 मध्ये पूर्ण झाली. राज्याच्या ताब्यातल्या समुद्राचा सुमारे 16 टक्के भाग तिच्यात येतो. उपग्रहांच्या चाळीसेक वर्षांच्या चित्रांवरून 2024 मध्ये असं दिसून आलं, की दक्षिण कॅलिफोर्नियात अशा क्षेत्रांतला केल्प उष्ण लाटेनंतर बाहेरच्यापेक्षा चांगला सावरला, कारण अर्चिन खाणारे मासे आणि लॉब्स्टर तिथे शिल्लक होते. या साखळीचा पहिला दशवार्षिक आढावा 2023 मध्ये झाला. त्यानंतर क्षेत्रं वाढवण्याचे अर्ज आले, तसे नियम सैल करण्याचेही आले. फिश अँड गेम कमिशनच्या बैठका जनतेला खुल्या असतात, घरबसल्या ऑनलाइनही बोलता येतं. तिथे मासेमारीचे हितसंबंध असलेले लोक न चुकता येतात, आणि ते त्यांच्या पोटासाठी येतात, त्यात गैर काही नाही. आपणही यायला हवं.

आणखी एक संकट दारात आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केलेल्या मसुद्यात कॅलिफोर्नियाच्या समुद्रात तेल-वायूचे पट्टे देण्यासाठी सहा लिलाव सुचवले आहेत. 1984 नंतर इथे असा लिलाव झालेला नाही. अभयारण्याच्या हद्दीत खोदता येत नाही हे खरं, पण तेलाचा तवंग नकाशावरची हद्द पाहून थांबत नाही. 1969 मध्ये सांता बार्बराजवळ झालेल्या गळतीने हे दाखवलं आहे. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सांडलेल्या तेलाने हजारो पाणमांजरं मारली; केसांना तेल लागलं की ऊब जाते आणि प्राणी थंडीने मरतो. अख्ख्या उपजातीचे 3,000 जीव मध्य कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर एकवटलेले असताना हा जुगार खेळण्यासारखा नाही. ज्यांना इथे मताचा हक्क आहे त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला आपल्या नावाने, आपल्या शब्दांत लिहावं. छापील पत्रांपेक्षा अशी पत्रं वाचली जातात.

आशेलाही जागा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत 2019 पासून सूर्यफूल तारामासे वाढवण्याचं काम चालू आहे. कॅलिफोर्नियातही मॉस लँडिंगची सनफ्लॉवर स्टार लॅब आणि राज्यातली काही मत्स्यालयं त्यात उतरली आहेत. आता रोगाचा जिवाणू हाती लागल्यामुळे प्रतिकार करणारे तारामासे निवडणं शक्य होईल. ते समुद्रात परत सोडले जातील तेव्हा त्यांना खायला, लपायला जंगल हवं. तोवर आहे ते तुकडे जगवणं, एवढंच आपल्या पिढीच्या वाट्याचं काम आहे.

म्हणून, फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या मित्र-मैत्रिणींनो, थेट सांगते. तुम्ही डायव्हर असाल तर गार पाण्याचं वेगळं प्रशिक्षण आधी घ्या. मालवणच्या एका डाईव्हवर इथे उतरू नका, हे पाणी माफ करत नाही. हात सरावला, तरंगणं ताब्यात आलं, की रीफ चेकच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवा. केल्पला, तारामाशाला हात लावू नका. पाणमांजरापासून निदान साठ फूट दूर राहा, मग कायाकमध्ये असा की पाण्यात. पिल्लू वाढवताना आईला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते, आणि फोटोसाठी जवळ जाऊन तिची विश्रांती मोडणं म्हणजे तिच्या तोंडचा घास काढणं.

पोहता येत नसेल तरी काम आहे. मोठ्या ओहोटीला मुलांना घेऊन खडकांवर जा, दिसेल त्या प्राण्याचा फोटो आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाका. कॅलिफोर्निया अकादमी ऑफ सायन्सेस दर उन्हाळ्यात स्नॅपशॉट कॅल कोस्ट या नावाने याचीच मोहीम काढते. चोवीस बाहूंचा तारामासा कुठे दिसलाच तर ती नोंद शास्त्रज्ञांना सोन्याहून मोलाची आहे. मंडळाच्या सहलीत वायनरीऐवजी एकदा पॉइंट लोबोसचं नाव सुचवा. मराठी शाळेच्या मुलांना ज्युलिया प्लॅट सांगा.

आणि जे अमेरिकेत नाहीत, पुण्या-मुंबईहून इथे येणार आहेत, त्यांनी गोल्डन गेट जरूर पाहावा, पण एक दिवस मॉन्टेरेला द्यावा. पाहिलेल्या समुद्राबद्दल माणूस परत गेल्यावर बोलतो, आणि सिंधुदुर्गच्या समुद्राकडेही वेगळ्या नजरेने पाहतो.

शेवटी एक अगदी छोटं काम, जे कॅलिफोर्नियात कर भरणारा प्रत्येक जण बसल्या जागी करू शकतो. राज्याच्या प्राप्तिकराच्या अर्जात स्वेच्छा देणग्यांच्या यादीत समुद्री पाणमांजरांच्या निधीचा एक रकाना असतो. त्यातला पैसा त्यांच्या संशोधनाला आणि संरक्षणाला जातो. दरवर्षी ठरलेली किमान रक्कम जमली नाही तर हा रकाना अर्जावरून निघून जातो. यंदा अर्ज भरताना, किंवा तो भरून देणाऱ्याला कागद पाठवताना, त्या रकान्यात जमेल तेवढा आकडा लिहा, आणि आपल्या ऑफिसातल्या आणखी दोघांना लिहायला सांगा.